जंताचं औषध आणि आजीचं एकाशन

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. बस्तीतला, म्हणजे आमच्या मंदिरातला, सकाळचा स्वाध्याय संपला होता, बायका चपला शोधत पायऱ्यांवर रेंगाळल्या होत्या, आणि एक तरुण आई माझ्यापाशी येऊन थांबली. हाताला धरलेला सहा वर्षांचा मुलगा. "काकू, एक विचारायचं होतं," ती म्हणाली आणि तिनं आवाज खाली आणला.

ऑगस्टमध्ये शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या तेव्हा तिनं मुलाला घरी ठेवलं होतं. आता त्याचं पोट वरचेवर दुखत होतं, जेवण जात नव्हतं, आणि डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली होती. गोळी तिच्या पर्समध्येच होती, काढून दाखवली. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. "ही दिली की पोटातले जंत मरणार. इतके जीव मारायचे, आणि तेही पर्वात. त्यापेक्षा वावडिंग दिलं तर चालेल का? ते झाडाचं आहे. त्यात हिंसा कमी ना?"

मी तिला तिथल्या तिथं सांगितलं, गोळी आजच दे, प्रश्नाचं उत्तर मी सवडीनं देते. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. मी पस्तीस वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात औषधी वनस्पती शिकवल्या. 'काही होत नाही गं' म्हणून तिची समजूत काढणं मला सहज जमलं असतं. पण हाच प्रश्न आठ वर्षांची असताना मी माझ्या आजीला विचारला होता, आणि आजीनं तो झटकून टाकला नव्हता. त्या आईला द्यायचं राहिलेलं उत्तर इथं लिहिते आहे.

आमचं गाव मिरज तालुक्यात, कृष्णाकाठी. घर शेतकरी जैनांचं. साल १९६२ च्या आसपासचं. धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. हातपाय काटक्या आणि पोट घागरीसारखं. कोपऱ्यात बसून भिंतीची माती खायचा. एका पहाटे त्याला उलटी झाली आणि उलटीत वीतभर लांबीचा, पांढुरका गुलाबी जंत पडला. आई किंचाळली. आजीनं भावाचं तोंड पुसलं, त्याला पदराखाली घेतलं आणि उजाडायच्या आत वडिलांना वैद्यांकडे धाडलं.

वैद्यांनी वावडिंगाची पूड आणि पळसपापडीचं चूर्ण दिलं, मधातून चाटवायला सांगितलं. मध आमच्या घरात कधीच नसायचा. माश्यांच्या जिवावर काढलेला मध खायचा नाही, हा नियम औषधालाही लागू होता. आजीनं औषध गुळातून दिलं. तीन दिवस चूर्ण आणि चौथ्या दिवशी पहाटे एरंडेल. भावाला दोघांनी धरलं तेव्हा कुठं ते त्याच्या पोटात गेलं. मग परसात त्याला बसवलं. मी गोठ्याच्या भिंतीआडून बघत होते. जंत पडले. आजीनं ते काडीनं वेगळे करून मोजले, एक, दोन, असं मोठ्यानं. सात होते. त्यांतले काही अजून वळवळत होते. आजी त्यांच्यापाशी उकिडवी बसून राहिली, वळवळ थांबेपर्यंत. मग तिनं खड्डा करून ते पुरले, हातपाय धुतले आणि उंबऱ्यावर बसून णमोकार मंत्र म्हटला.

त्या दिवशी तिनं एकदाच जेवण घेतलं. दुसऱ्या दिवशीही. असं सात दिवस चाललं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं जंत कशासाठी मोजले होते. सात जीव, सात एकाशनं.

मी विचारलं, "आजी, तू का उपाशी?"

"जीव गेले की गं माझ्या हातनं."

"मग औषध दिलंसच कशाला?"

तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. ती म्हणाली, "पोरगं वाळून चाललं ते बघत बसू व्हय? पोराचं आधी बघायचं. मग माझं मी बघतो."

आमच्याकडच्या बायका 'मी बघतो', 'मी जातो' असंच बोलतात. ते वाक्य मला तिच्या आवाजासकट आठवतं. कॉलेजात गेल्यावर मी ते वाक्य भाबडेपणा म्हणून बाजूला ठेवलं होतं. जंत म्हणजे परजीवी, तो काढायचा, त्यात उपास कसला? आज सत्तरी ओलांडल्यावर मला वाटतं, हिंसा-अहिंसेवर मी जेवढं वाचलं त्यात इतकी नेमकी कृती फार थोड्या ठिकाणी सापडली.

आधी त्या आईच्या प्रश्नातला शब्द घेऊ: 'झाडाचं'. वावडिंग झाडाचं आहे म्हणून त्यात हिंसा कमी, असं तिला वाटलं. आमच्याच शास्त्रानं पाहिलं तर हे टिकत नाही. तत्त्वार्थसूत्रात जिवांची मांडणी इंद्रियांवरून केली आहे. वनस्पतीला एकच इंद्रिय, स्पर्शाचं. कृमीला दोन, स्पर्श आणि चव. मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. म्हणजे जंतावर वावडिंग देताना आपण एका एकेंद्रिय जिवाचं फळ तोडून, कुटून, एका द्वींद्रिय जिवाला मारतो, एका पंचेंद्रिय मुलासाठी. गोळी रसायनशाळेत बनते, वावडिंग रानात पिकतं. पोटातल्या जंताच्या बाजूनं पाहिलं तर दोन्हींचा शेवट एकच.

कुणी म्हणेल, काही औषधं जंताला मारत नाहीत, नुसतं लुळं करतात, मग तो आतड्याची पकड सोडतो आणि बाहेर पडतो. हे खरं आहे. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन असंच काम करायचं. पण आतड्याबाहेर पडलेला जंत जगत नाही. आजी त्या सात जंतांपाशी बसली होती, तिला ही पळवाट सुचली असती तरी तिनं घेतली नसती.

आणि झाड तरी कुठे सौम्य आहे? वावडिंगाची वेल आपल्या सह्याद्रीत वाढते. दाणे मिऱ्याएवढे, तांबूस काळपट. हे दाणे कुटून ईथरमध्ये हलवले की ईथरला नारिंगी पिवळा रंग चढतो. त्यात अमोनियाचे थेंब टाकले की तोच रंग क्षणात निळसर जांभळा होतो. हा प्रयोग मी दरवर्षी मुलांकडून करून घ्यायचे आणि दरवर्षी बाकावरून एक 'अरे' ऐकू यायचा. रंग बदलवणारं ते द्रव्य म्हणजे एम्बेलिन. जंतावर काम करतं तेही हेच, असं मानलं जातं. वेल ते आपल्यासाठी बनवत नाही. झाडाला पळता येत नाही, म्हणून किडीपासून, बुरशीपासून वाचायला ते अंगात कडू, जहाल द्रव्यं साठवतं. डाळिंबाच्या मुळाच्या सालीत पट्टकृमीला लुळं करणारं पेलेटिएरिन असतं, सिंकोनाच्या सालीत क्विनिन. आपण झाडाचं हत्यार उसनं घेतो आणि त्याला वनौषधी म्हणतो. उसनं घेण्यात गैर काही नाही. पण ते हत्यार आहे हे विसरलं की मुलांना इजा होते.

किरमाणी ओव्याचंच बघा. त्यातलं सँटोनिन १८३० साली वेगळं काढलं गेलं आणि पुढची शंभरेक वर्षं जगभरच्या मुलांना जंतावर दिलं गेलं. त्यानं मुलांना सगळं पिवळं दिसू लागायचं. मात्रा जास्त झाली तर झटके यायचे, मुलं दगावलीसुद्धा. १९५० च्या दशकात पिपेरॅझिनसारखी कमी धोक्याची कृत्रिम औषधं आली आणि सँटोनिन मागं पडलं. म्हणजे झाडाचं ते जहाल आणि कारखान्यातलं ते सुरक्षित, असं इथं घडलं. उलटही घडतं. म्हणून 'झाडाचं' या शब्दावर विश्वास टाकून मुलाच्या पोटात काही घालू नये.

आमच्या नात्यातली एक गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितली नाही. १९८० च्या दशकात एका आतेबहिणीच्या मुलाला जंत झाले. घरच्यांनी ठरवलं, गोळ्या नकोत, झाडपाल्यानं पाप लागत नाही. पाच-सहा महिने कुणीतरी सांगितलेली कसली कसली चूर्णं दिली. किती द्यायची, कशातून द्यायची, शुद्ध आहेत का, कुणाला ठाऊक नव्हतं. एका रात्री मुलाचं पोट फुगलं, हिरवी उलटी झाली. आतड्यात जंतांचा गोळा अडकला होता. शस्त्रक्रिया करावी लागली. मूल वाचलं. मी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात उभी होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. या घरानं हिंसा टाळली नव्हती, हिंसेकडे पाहायचं टाळलं होतं. जंत मरायचे ते मेलेच, आणि मूल मरता मरता वाचलं.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना जीव जाणं एवढंच सांगितलेलं नाही. प्रमादानं, म्हणजे बेसावधपणानं, आसक्तीनं, कुणाचे प्राण घेणं ही हिंसा. प्रमाद हा शब्द त्या व्याख्येचा कणा आहे. त्या घरात प्रमाद होता, आणि तो धार्मिकपणाच्या वेषात होता. माहीत नसलेलं औषध, न मोजलेली मात्रा, न पाहिलेला परिणाम. औषधाबद्दल खात्री करून घेणं हा माझ्या लेखी अहिंसेचाच भाग आहे.

खात्री करून घेणं म्हणजे काय, हे मला तू यूयू या चिनी बाईंच्या कामातून सगळ्यांत स्पष्ट कळलं. १९६७ साली, व्हिएतनाम युद्धाच्या काळात, चीननं हिवतापावर औषध शोधायचा गुप्त प्रकल्प सुरू केला. २३ मे या तारखेवरून त्याचं नाव ५२३. दोन वर्षांनी बीजिंगमधल्या गटाची जबाबदारी तू यूयूंकडे आली. त्यांनी जुने ग्रंथ, वैद्यांची टिपणं, घरगुती उपाय मिळून दोन हजारांवर नुस्खे जमवले आणि त्यांतले ६४० एका वहीत उतरवून काढले. एक वनस्पती पुन्हा पुन्हा समोर यायची, छिंगहाव. पण तिचा अर्क कधी गुण द्यायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे हाँगच्या ग्रंथाकडे त्या परत गेल्या. गे हाँग हा ताओपंथी साधक, अमरत्वाच्या शोधात असलेला. त्यानं तापावर छिंगहाव भिजवून, पिळून रस घ्यायला सांगितलं होतं. उकळायला सांगितलं नव्हतं. तू यूयूंच्या ध्यानात आलं की उष्णतेनं गुण जात असावा. त्यांनी पाण्याऐवजी ३५ अंशाला उकळणारं ईथर वापरलं. ४ ऑक्टोबर १९७१ या दिवशी १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांतले हिवतापाचे परजीवी शंभर टक्के नाहीसे केले. त्यातूनच पुढे आर्टेमिसिनिन हाती आलं.

ग्रंथात लिहिलंय म्हणून त्यांनी ते रोग्यांना दिलं नाही. १९७२ च्या जुलैमध्ये स्वतः तू यूयू आणि त्यांचे दोन सहकारी यांनी तो अर्क आधी आपल्या पोटात घेतला. त्यानंतर तो हायनान बेटावरच्या हिवतापाच्या रोग्यांपर्यंत गेला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. मला मात्र नोबेलपेक्षा तो जुलै महिना मोठा वाटतो. आजीला छिंगहाव माहीत नव्हतं आणि तू यूयूंना एकाशन. पण दुसऱ्याच्या पोटात औषध घालण्याची किंमत काही अंशी आपण भरायची, हे दोघींनाही माहीत होतं.

आर्टेमिसिनिन काम कसं करतं तेही सांगते, कारण विद्यार्थ्यांना शिकवताना मी इथं दरवेळी थांबायचे. त्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो. हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो, आणि त्या खाण्यातून लोहयुक्त हीम मोकळं होतं. हे लोह त्या पुलाला भिडलं की पूल तुटतो आणि जे जहाल तुकडे तयार होतात ते परजीव्याची प्रथिनं मोडतात. परजीवी ज्या अन्नावर जगतो, त्याच अन्नातून त्याचं मरण येतं. एकदा एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, हे त्याच्या कर्माचं फळ म्हणायचं का?" मी म्हटलं, नाही. कर्माचा हिशोब आपण दुसऱ्यावर लावायचा नसतो, मग तो परजीवी का असेना. तो आपल्याला त्रास द्यायला आलेला नाही. तो जगायला आला आहे. मेला तर तो शिक्षा भोगून मेला असं मानून आपण हात झटकायचे नाहीत.

इथं आमच्या परंपरेतला सगळ्यांत अवघड विचार येतो. अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात एक युक्तिवाद घेऊन तो साफ नाकारला आहे. युक्तिवाद असा, की एका हिंस्र जिवाला मारलं तर पुष्कळांचं रक्षण होतं, म्हणून त्याला मारणं योग्य. आचार्य म्हणतात, असं समजून मारू नये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. माझं सगळं शिक्षण याच्या विरुद्ध उभं होतं. जगात सुमारे दीडशे कोटी माणसांच्या पोटात मातीतून आलेले जंत आहेत. मुलांची वाढ खुंटते, अंगात रक्त राहत नाही. मग काय करायचं, सोडून द्यायचं?

पुष्कळ वर्षांनी, आजीचे ते सात दिवस आठवले आणि मला त्या नकाराचा अर्थ लागला असं वाटतं. गृहस्थानं टाळता न येणाऱ्या हिंसेला परंपरेत जागा आहे. स्वयंपाक, झाडलोट, शेती यांत घडणारी आरंभी आणि उद्योगी, संरक्षणात घडणारी विरोधी. श्रावकानं पूर्ण सोडायची ती संकल्पी, म्हणजे मारायचं म्हणून मारणं. अमृतचंद्र अडवतात ते मारण्याला पुण्य म्हणण्याला. एकदा 'पुष्कळांसाठी मारणं चांगलं' असं मनाला पटवलं, की कोण हिंस्र आणि कोण पुष्कळ हे ठरवण्याची मोकळीक मिळते, आणि त्या मोकळिकीनं इतिहासात काय काय केलं ते आपण जाणतो. आजीनं जंत मारले. पण 'बरं झालं, मेले' असं ती म्हणाली नाही. तिनं ते देणं म्हणून मांडलं आणि सात दिवसांत फेडलं.

याचा अर्थ जैन परंपरेनं औषधाकडे पाठ फिरवली असाही नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा ग्रंथ लिहिला आणि मद्य, मांस, मध टाळून चिकित्सा मांडली. १९४० साली तो सोलापुरातून छापून निघाला. आजीनं तो पाहिलेला नव्हता, पण तिचा गूळ त्याच विचारातला होता. औषध द्यायचं आणि ते देताना शक्य तितके जीव वाचवायचे. चरकानंही विमानस्थानात कृमींच्या चिकित्सेचे तीन भाग सांगितले आहेत: कृमी बाहेर काढणं, ज्या स्थितीत ते फोफावतात ती मोडणं, आणि मुळात ज्यानं होतात ते टाळणं. हा तिसरा भाग मला सगळ्यांत अहिंसक वाटतो, आणि तोच आपण सगळ्यांत कमी करतो.

आमच्या घरी पाणी दुहेरी जाड कापडातून गाळून भरायचे. गाळून झालं की कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं, आणि ती जिवाणी, म्हणजे जिवांसकटचं ते धुवण, भांड्यातून विहिरीत खाली सोडून, पाण्याला टेकवून हलकेच रिती करायची. वरून ओतायची नाही, जिवांना मार बसतो. लहानपणी या कामाचा मला कंटाळा होता. पुढे परजीवीशास्त्र शिकताना नारूचं प्रकरण आलं. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असतो, त्याच्या अंगात नारूची अळी. सायक्लॉप्स पोटात गेला की वर्षभरानं जवळजवळ मीटरभर लांबीची मादी पायाची कातडी फोडून बाहेर येते. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी हे सोसलं आहे. नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती. देशानं तो घालवला तो पाणी गाळून, पायविहिरी बंद करून आणि पाण्यावर औषध टाकून. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं.

पूर्वजांना नारूचं शास्त्र माहीत होतं असं मी म्हणत नाही. आजीचं गाळणं सायक्लॉप्सच्या जिवासाठी होतं, आमच्या पायांसाठी नव्हतं. पण त्या कापडाच्या दोन्ही बाजूंचे जीव वाचत होते, हे खरं. सायक्लॉप्स विहिरीत परत जायचा, आम्ही नारूपासून सुटायचो, आणि कुणालाही औषध द्यावं लागत नव्हतं.

पोटातल्या मोठ्या जंताचंही तसंच आहे. त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, पण त्या अंड्यांतून पोटातल्या पोटात नवे जंत होत नाहीत. अंडी विष्ठेतून मातीत जावी लागतात, तिथं काही आठवडे मुरावी लागतात, आणि परत कुणाच्या तरी हाताला, भाजीला चिकटून तोंडात जावी लागतात. ही साखळी संडास वापरून, जेवणाआधी साबणानं हात धुऊन, नखं कापून, भाजी धुऊन तुटते. जे घर पर्वात कंदमूळ वर्ज्य करतं पण ज्याच्या मागं मुलं उघड्यावर बसतात, त्या घरानं आपल्या व्रताचा अर्धा भाग वाचलेलाच नाही.

वनस्पतींबद्दलही आपलं देणं आहे. वावडिंगाची वेल सह्याद्रीतून कमी होत चालली आहे, कारण मागणी मोठी आणि लागवड थोडी. बाजारात वावडिंग म्हणून मिळतात ते दाणे पुष्कळदा तिच्या भावंडजातीचे असतात. तरीही मला वनस्पतींतल्या द्रव्यांबद्दल आशा आहे, आणि ती मी आयुष्यभर शिकवली. जोतिबाला चैत्रात वाहतो तो दवणा आणि आर्टेमिसिनिन देणारी छिंगहाव या आर्टेमिसिया या एकाच वंशातल्या बहिणी आहेत. पण म्हणून काही दवणा चघळून हिवताप बरा होत नाही. आर्टेमिसियाच्या पाल्याचा चहाही पिऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण अपुऱ्या मात्रेनं रोग जात नाही आणि परजीवी औषधाला सरावतो. कंबोडिया-थायलंडच्या सीमेवर आर्टेमिसिनिनला दाद न देणारा हिवताप आढळलाच आहे. रानात आणखी किती द्रव्यं असतील, ती शोधावीत, शुद्ध करावीत, मोजावीत, तपासावीत. श्रद्धेनं शोध सुरू करता येतो, मात्रा ठरवता येत नाही.

आता त्या आईला उत्तर.

बाई, तुझी बोच खरी आहे, ती घालवू नकोस. जंत हा जीव आहे, तो मरतो, हे तुला दिसलं. पुष्कळांना दिसत नाही. पण बोच तुझी आहे, तिची किंमत मुलानं भरायची नाही. वावडिंग आणि गोळी यांतली निवड हिंसा कमी की जास्त यावर करू नकोस. कोणतं औषध तुझ्या मुलावर खात्रीनं आणि कमी इजेनं काम करेल एवढंच बघ. आज ते उत्तर गोळी हे आहे. तिची मात्रा ठरलेली आहे, तिचे परिणाम कोट्यवधी मुलांवर पाहिलेले आहेत. पुढच्या वेळी शाळेत वाटतील तेव्हा मुलाला घरी ठेवू नकोस. हात धुवायला शिकव, नखं काप, पाणी गाळून नुसतं थांबू नकोस, उकळून घे.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्या आयांना, आज्यांना माझी हात जोडून विनंती आहे. गोळी मुलाला द्या. एकाशन करावंसं वाटलं तर ते तुम्ही करा.